मैलापाण्याच्या काठावरची घरटी

१९४५ च्या उन्हाळ्यात, युरोपातलं युद्ध नुकतंच संपलेलं असताना, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराच्या मैलापाण्याच्या शेतावर शेकाट्यांनी अंडी घातली. शेकाट्या म्हणजे आपल्या ठाणे खाडीच्या कडेनं हिवाळ्यात थव्यानं दिसणारा पांढरा पक्षी. पंख काळे, चोच सुईसारखी आणि पाय लांबलचक, काटकुळे, गुलाबी-तांबडे. त्याची वीण दक्षिण युरोपात, आफ्रिकेत, आशियात व्हायची. ब्रिटनमध्ये एखाददुसरा भरकटून आला तर यायचा. त्या देशात त्यानं घरटं केल्याची पहिली पक्की नोंद झाली ती या जागी.

मी मुंबई महापालिकेच्या मलनिःसारण खात्यातून दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं उदंचन केंद्रांवर, म्हणजे पंपिंग स्टेशनांवर, गेली. त्यामुळे ही नोंद वाचली तेव्हा पक्ष्याइतकाच आनंद मला त्या जागेचा झाला. असा पाहुणा आला की बातमीत पक्ष्याचं कौतुक असतं, तो दुर्मीळ आहे, वाट चुकलेला आहे वगैरे सगळं असतं. ज्या जमिनीवर तो उतरला तिच्याबद्दल आणि तिथे रोज राबणाऱ्या माणसांबद्दल मात्र कोणी फारसं लिहीत नाही. घरटं टिकतं की जातं हे बहुतेक वेळा त्या दोन गोष्टींवरच ठरतं, असं माझं मत झालं आहे. म्हणून आज हे लिहितो आहे.

आधी मैलापाण्याचं सांगतो. त्या काळी विलायतेत शहराचं सांडपाणी मोठमोठ्या सपाट शेतांत आळीपाळीनं सोडत. पाणी मुरायचं, गाळ वर राहायचा, मग पुढच्या तुकड्यात पाणी. म्हणजे कुठल्याही दिवशी त्या शेतावर कुठे ना कुठे घोट्याएवढं उथळ पाणी आणि मऊ चिखल असायचाच. आपल्याकडे मुंबईचं मैलापाणी सात विभागांत गोळा होतं. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप. त्यातल्या घाटकोपर आणि भांडुपच्या लगूनचं पाणी शेवटी ठाणे खाडीकडे जातं. लगून म्हणजे मोठं उथळ तळं, त्यात तरंगते एरेटर पाणी घुसळून हवा मिसळतात. जिथे घुसळणीचा जोर पोचत नाही त्या कोपऱ्यांत गाळ बसतो, आणि गाळात अळ्या होतात. न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या या अळ्या चक्क लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. पाण्यात प्राणवायू अगदी कमी असला तरी त्या तग धरतात. क्रॉफर्ड मार्केटात मत्स्यालयवाले ‘ब्लड वर्म’ म्हणून विकतात त्याच या. मासे ज्या पाण्यात जगत नाहीत तिथे या अळ्या खच्चून भरलेल्या असतात आणि त्या खायला स्पर्धकही कमी असतात. लांब पायांच्या, बारीक चोचीच्या पक्ष्याला आणखी काय पाहिजे?

ड्यूटीवर असताना आमच्या पाळीतली माणसं शेकाट्यांकडे बघायची ती कामाच्या ओघात, व्हॉल्व फिरवता फिरवता. नाव कोणाला ठाऊक नव्हतं. पण कुठल्या कोपऱ्यात पक्षी बसतात आणि पाण्याची पातळी कितीवर गेली की उठतात, हे आमच्या पंप ऑपरेटरला अचूक सांगता यायचं. नॉटिंगहॅमच्या शेतावरच्या कामगारांनाही असंच काहीतरी ठाऊक असणार असं मला मनापासून वाटतं.

शेकाटे इतक्या उत्तरेला जातातच कसे? वसंतात उत्तरेकडे निघालेले काही पक्षी आपला नेहमीचा मुक्काम ओलांडून पुढे निघून जातात, हे एक कारण. दुसरं कारण पाण्याचं. स्पेनच्या दक्षिणेत हिवाळा कोरडा गेला, पाणथळी आटल्या, की तिथले शेकाटे विणीसाठी दुसरीकडे ओल शोधत फिरतात. १९४५ नंतर ब्रिटनमध्ये पिल्लं उडाल्याची पुढची नोंद १९८७ ची, नॉरफोकमधली. मधली चाळीसेक वर्षं जवळपास रिकामी. मग गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र जोड्या वरचेवर यायला लागल्या. २०१७ साली एकाच हंगामात ब्रिटनमध्ये १३ पिल्लं उडाली.

यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. १९९३ मध्ये नॉरफोकच्या टिचवेल अभयारण्यात एक एकटा शेकाट्या येऊन राहिला. २००५ पर्यंत तो तिथेच होता. लोकांनी त्याचं नाव सॅमी ठेवलं, त्याला बघायला माणसं दुरून यायची. खायला होतं, पाणी होतं, राखण होती, कायदा होता. जोडीदार तेवढा नव्हता. बारा वर्षं तो त्या थंड किनाऱ्यावर एकट्यानं राहिला. एकट्यादुकट्या पक्ष्याच्या धाडसानं नवी वसाहत होत नाही. एकाच वेळी, एकाच जागी निदान दोघं तरी चुकावे लागतात.

आता आपल्याकडचं. मुंबईकराला स्थलांतरित पक्षी म्हटलं की रोहित आठवतात, म्हणजे फ्लेमिंगो. ते इथे खायला येतात, वीण कच्छच्या रणात. शेकाटेही आपल्याला हिवाळी गर्दीतले म्हणूनच ओळखीचे. पण त्यातले काही उन्हाळ्यात मागे राहतात, आणि खाडीकडेच्या जुन्या मिठागरांवर मे महिन्यात घरटी करतात. हे काही जगावेगळं नाही, भारतात त्यांची वीण अनेक ठिकाणी होते, मिठागरं त्यांच्या आवडीचीच. तरी मुलुंडमध्ये राहून, लोकल गाड्यांचा भोंगा ऐकू येतो एवढ्या अंतरावर एक शेकाटी अंड्यांवर बसलेली पाहणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

नेमका कुठला बांध ते मी सांगणार नाही. तिथे राखणीला एक आगरी काका असत. त्यांच्या वडिलांनी याच आगरात मीठ ओढलं होतं, आता मीठ पिकत नाही. मी दुर्बीण घेऊन बांधावर चढत होतो तेव्हा त्यांनी लांबूनच हात केला.

“साहेब, तिकडं नका जाऊ. अंडी हायेत.”

मी म्हटलं, “काका, कुणाची?”

“त्या लंबूटांग्यांची. चार हायेत. परवापासून बसल्येय ती. इथनं बघा काय बघायचं ते.”

मग त्यांच्याच झोपडीच्या सावलीतून स्कोप लावून पाहिलं. घरटं म्हणजे वाळलेल्या चिखलावर चार काटक्या, थोडे शिंपल्यांचे तुकडे आणि खपल्या. अंडी मातकट, हिरवट झाक असलेली, वर काळे ओरखडे. टोकं आतल्या बाजूला करून चारही एकमेकांना चिकटवून ठेवलेली. नजर जरा हलली की ती चिखलात हरवत, पुन्हा शोधावी लागत. मादी बसायची तेव्हा तिचे लांब पाय गुडघ्यात दुमडून मागे निघत, म्हणजे आपण गुडघा म्हणतो तो खरं तर तिचा घोटा.

दुपारी ऊन चढलं तसा तिचा क्रम बदलला. आता ती बसेना. अंड्यांवर पाय फाकून उभी राहिली, पंख थोडे सैल सोडले, म्हणजे अंड्यांवर सावली. चोच उघडी, गळा धपापतोय. थोड्या वेळानं नर आला. पण तो थेट आला नाही. आधी शेजारच्या डबक्यात गेला, पाण्यात बसला, पोट दोन-तीनदा नीट घासून भिजवलं, आणि पोटाची पिसं टपटप गळत असताना चालत घरट्याशी आला. मादी उठली, तो अंड्यांवर टेकला. ओली पिसं अंड्यांना लागली. मग मादी पाण्याकडे. असं आळीपाळीनं, ऊन उतरेपर्यंत. मे महिन्यातल्या मिठागरात अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवणं हेच मोठं काम असतं. ही देवाणघेवाण काही मिनिटं जरी तुटली तरी कवचाच्या आत जीव शिजतो. तिथे उभा असताना मला हे नीट कळलं आणि त्यानंतर घरट्याच्या जवळ जाऊन काढलेल्या फोटोकडे मी पहिल्यासारखा पाहू शकलेलो नाही.

त्यानंतर एकदा वळवाची सर आली. आगरात पाणी साचलं. काकांनी सांगितलं की ती दोघं आजूबाजूच्या काटक्या, गवत, मिळेल ते ओढून अंड्यांखाली सरकवत होती, घरटं वर उचलत होती. शेकाट्यांची ही सवय पक्षीशास्त्रज्ञांनीही नोंदलेली आहे. अंडी सुमारे पंचवीस दिवसांत फुटतात, आणि पिल्लं अंग वाळलं की लगेच पायावर उभी राहून चालायला लागतात. पण ते पंचवीस दिवस म्हणजे ऊन, कुत्री, कावळे, घारी, उधाण, आणि माणसं.

पुढच्या एका उन्हाळ्यात माणसं आलीच. कोणीतरी घरट्याचा फोटो टाकला, सोबत जागेची खूण. रविवारी सकाळी बांधावर मोठमोठ्या लेन्सा. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ‘कीक कीक’ करून घसा फोडतायत, आणि लोकांना ते उडतानाचे फोटो मिळतायत म्हणून आनंद. काका ओरडत होते, कोणी ऐकलं नाही. कावळे हुशार, माणसं जिथे वाकून बघतात तिथे काहीतरी आहे हे त्यांना चटकन कळतं. दुसऱ्या दिवशी घरट्यात काही नव्हतं. तो फोटो टाकणारा माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याला पक्ष्यांची आवड होती. पण आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं किंवा नुकसान करणं येतं, हे त्या बांधावर उभ्या असलेल्या किती जणांना माहीत होतं?

ब्रिटनच्या कायद्यातली एक गोष्ट यासाठीच मला फार आवडते. तिथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घरट्यावर असताना मुद्दाम त्रास देण्यास मनाई असलेल्या पक्ष्यांची यादी आहे. त्या यादीत शेकाट्याही आहे आणि युरोपीय वेडा राघूही. दोघंही तिथले नियमित रहिवासी नाहीत. कधी काळी आले आणि घरटं करायचं ठरवलं, तर संरक्षण आधीपासून तयार.

वेड्या राघूंची कहाणी खाणींची आहे. आपल्याकडचा हिरवा वेडा राघू जसा मातीच्या कड्यात बीळ करतो तसाच हाही, फक्त आकारानं मोठा आणि रंगानं डोळे दिपवणारा, तपकिरी, पिवळा, निळा. भूमध्य समुद्राच्या आसपासचा हा पक्षी १९५५ साली इंग्लंडच्या ससेक्समधल्या वाळूच्या खाणीत उतरला. तीन जोड्यांनी बिळं केली, दोन घरट्यांतून सात पिल्लं बाहेर आली. २००२ मध्ये डरहॅमच्या एका खाणीत पुन्हा वीण झाली. २००५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये नदीकाठी केलेलं घरटं कोल्ह्यांनी संपवलं. २०१४ मध्ये वाइट बेटावर स्वयंसेवकांनी रात्रंदिवस पहारा ठेवला आणि दोन घरट्यांतून आठ पिल्लं उडाली. २०१७ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या एका खाणीत सात पक्षी आले, त्यांना पाहायला लोकांसाठी रीतसर जागा आखून दिली, हजारो लोक येऊन गेले. ती वीण शेवटी थंड, पावसाळी हवेमुळे वाया गेली. एवढी माणसं येऊनही माणसांमुळे गेली नाही.

‘सांगावं की लपवावं’ या प्रश्नाचा सगळ्यात जुना धडा स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टनचा आहे. ऑस्प्रे, म्हणजे पाण्यात सूर मारून मासा उचलणारा शिकारी पक्षी, ब्रिटनमधून विणीचा पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. तो परत आला. १९५८ साली पक्षीप्रेमींनी गुप्तता पाळून घरट्याची राखण केली. तरीही रात्रीच्या अंधारात एक अंडीचोर झाडावर चढला, खरी अंडी गेली आणि त्यांच्या जागी रंगवलेली कोंबडीची अंडी सापडली. पुढच्या वर्षी राखणीतले पक्षीतज्ज्ञ जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा निर्णय घेतला. घरटं जाहीर करायचं. खोडाला काटेरी तारा, पहाऱ्याच्या पाळ्या, आणि लांबवर एक निरीक्षणाची झोपडी, जिथून कोणीही येऊन दुर्बिणीतून बघावं. त्या एका हंगामात सुमारे १४,००० माणसं आली आणि पिल्लं उडाली.

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटातला एक मित्र नेहमी हेच उदाहरण देतो. म्हणतो, “अरे, लोकांना दाखवलंच नाही तर त्यांना आपुलकी कशी वाटणार? मिठागर वाचवा म्हणायला उद्या कोण येणार?” त्याचं म्हणणं मला पटतं. पण लॉक गार्टनमधला क्रम त्यानं बघावा. आधी तार, पहारा, झोपडी, आणि मग जाहिरात. आपल्याकडे आधी फोटो जातो, मग जागा, मग गाड्या. पहारा कुठे आहे? एक म्हातारा आगरी माणूस, आणि त्याचं कोणी ऐकत नाही. जिथे राखण उभी करता येते तिथे खुशाल सगळ्यांना बोलवावं, शाळांच्या सहली न्याव्या. जिथे ती नाही तिथे पिल्लं उडेपर्यंत तोंड बंद. आमच्या गटात आता हेच ठरलं आहे. विणीच्या काळात घरट्याचा फोटो कोणी टाकायचा नाही, आणि नोंद करायची ती ठिकाण मोघम ठेवून.

माझी पुतणी कॉलेजात आहे, हल्ली माझ्याबरोबर रविवारी येते. पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर तारांवर माळभिंगऱ्यांची रांग बसलेली असते, पावसाळा सरत आला की येतात आणि वसंतात जातात. तिनं विचारलं, “काका, या कधी इथेच घरटं करतील का? शेकाटे राहतात मागे, मग यांना काय हरकत?”

या प्रश्नाचं उत्तर अर्जेंटिनात आहे, आणि पक्ष्यांबद्दल मी आजवर जे काही वाचलं त्यातलं ते सर्वांत विलक्षण आहे.

माळभिंगरी जगभर आहे. आपल्याकडे हिवाळ्याला येणाऱ्या भिंगऱ्या उत्तर आशियात आणि हिमालयात घरटी करतात. हिमाचलात दुकानाच्या छताला चिखलाची वाटी चिकटवून राहिलेली भिंगरी अनेकांनी पाहिली असेल, दुकानदार तिला हात लावत नाहीत. तशाच उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जातात, पार अर्जेंटिनापर्यंत. तिथे फक्त खायचं, पिसं बदलायची आणि परत यायचं. शतकानुशतकं असंच. १९८० मध्ये ब्वेनोस आयरेस प्रांतात समुद्राकडच्या भागात सहा जोड्या घरटी करताना सापडल्या. तिथला ऑक्टोबर म्हणजे वसंत. त्या परत गेल्याच नाहीत, रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये आणि पुलांखाली चिखलाच्या वाट्या केल्या. त्या सहा जोड्यांपासून पुढे हजारो झाल्या आणि प्रांतभर पसरल्या. त्यांच्या डीएनएच्या तपासणीतून त्या उत्तर अमेरिकेतल्याच हे पक्कं झालं. मग अभ्यासकांनी त्यांच्या पाठीवर उजेड मोजणारी इवलीशी यंत्रं बसवली. उजाडण्या-मावळण्याच्या वेळेवरून पक्षी कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहे ते त्यातून काढता येतं. विणीनंतर या भिंगऱ्या उत्तरेला निघाल्या, पण उत्तर अमेरिकेत गेल्या नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला थांबल्या आणि तिथून माघारी वळल्या. विणीचे महिने उलटे झाले, पिसं बदलण्याचे महिने उलटे झाले, प्रवासाचा नकाशा नवा झाला. पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे सविस्तर मांडलं. एका माणसाच्या नोकरीचा काळ होतो तेवढ्यात एका पक्ष्यानं आपलं सगळं पंचांग बदललं.

आता मुंबईत हे होईल का? मी पुतणीला जे सांगितलं ते असं. पक्ष्याच्या शरीराला विणीची वेळ कळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. दिवस मोठे व्हायला लागले की शरीरात विणीची तयारी सुरू होते. एकदा वीण झाली की मोठ्या दिवसांचा परिणाम होणं काही काळ थांबतं, मध्ये लहान दिवस गेले की पुन्हा सुरू होतं. अर्जेंटिनात पोचलेल्या भिंगरीला डिसेंबरात साडेचौदा तासांहून मोठा दिवस मिळतो, विषुववृत्त ओलांडल्यामुळे तिला एका वर्षात दोन वसंत भेटतात. त्यातल्या थोड्या पक्ष्यांच्या शरीरानं दुसऱ्या वसंताला होकार दिला असावा. मुंबई विषुववृत्ताच्या याच बाजूला. आपला डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा, आणि दिवस मोठा व्हायला लागेपर्यंत भिंगऱ्यांना उत्तरेची ओढ लागलेली असते. त्यामुळे तारांवरच्या या रांगेतून इथे कोणी घरटं करील अशी आशा मला फारशी नाही. नाल्यावरच्या पुलाखाली चिखलाची वाटी दिसली तर ती बहुधा आपल्या बारमाही तारवाल्या भिंगरीची.

ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, “पण सहा जोड्यांना तिथे मोरी मिळाली म्हणून जमलं ना?”

तिनं नेमकं बोट ठेवलं. शरीर तयार असलं तरी खाली मोरी लागते, चिखल लागतो, वर माश्या लागतात, आणि मोरी साफ करायला आलेल्या माणसानं काठीनं वाटी पाडायची नाही असं ठरवावं लागतं.

२०१३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरी इथे समुद्राला अडवणारी भिंत मुद्दाम फोडली. दरवर्षी ती राखण्यापेक्षा जमीन भरतीला देऊन मागे नवा बांध घातला, म्हणजे मागची गावं सुरक्षित आणि पुढे खाजण. लगेच पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, तिथे शेकाट्यांनी घरटं केलं. जागा तयार झाली आणि पक्ष्यांनी ती वर्षभरात शोधली.

आपण नेमके उलट दिशेनं निघालो आहोत. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गच्या मिठागरांची मिळून २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. घरांची गरज खरी आहे, दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाला ती कोणी समजावून सांगायला नको. पण मी ज्या खात्यात होतो तिथे पाण्याचा हिशेब करायला शिकलो. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की पूर्व उपनगरांचं पाणी खाडीत लगेच उतरत नाही, ते काही तास कुठेतरी थांबावं लागतं. मिठागरं ते पाणी धरून ठेवतात. तिथे भराव टाकला तर ते पाणी आपल्याच तळमजल्यावर येणार. शेकाट्याला लागणारं घोटाभर पाणी आणि शहराला लागणारी ही मोकळी जागा एकच आहे, वेगळी नाही. म्हणून त्या जमिनीसाठी मी माझ्या नावानं हरकत पाठवली आहे, आणि गटातल्या सगळ्यांना पाठवायला लावतो आहे.

भांडुपला नव्या प्रक्रिया केंद्राचं काम चालू आहे. जास्त स्वच्छ पाणी खाडीत जाईल, ते व्हायलाच हवं. माझ्या जुन्या खात्यातल्या तरुण अभियंत्यांना एवढीच विनंती की जुन्या लगूनचं पुढे काय करायचं ते ठरवताना एखादा कोपरा उथळ आणि ओला ठेवता येतो का ते बघा. पाण्याची पातळी एप्रिल ते जून स्थिर ठेवली तरी पुष्कळ. पंप ऑपरेटरला विचारा, पक्षी कुठे बसतात ते तो सांगेल.

आणि मे महिन्यात खाडीकडे फिरायला जाणाऱ्यांसाठी. बांधावरून चालताना एखादा शेकाट्या डोक्यावर येऊन सतत ओरडायला लागला, किंवा पंख मोडल्यासारखा चिखलावर फडफडायला लागला, तर समजा की अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. त्याच्या मागे जाऊ नका, घरटं शोधू नका. आधी पायाखाली बघा, मग आलात त्याच वाटेनं मागे फिरा, आणि पक्षी ओरडायचा थांबेल एवढ्या अंतरावर जाऊन मगच दुर्बीण काढा. दुपारी अकरा ते चार तर तिकडे फिरकूच नका. राखणीला कोणी असेल तर आधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर ऐका.